दोरीवाला सिनेमा

१३ जानेवारी

"क्रेन!"

मागच्या बाकावरून कोणीतरी ओरडलं आणि माझा पाय थेट ब्रेकवर. सगळी बस पुढे कलंडली. दप्तरं घरंगळली, पहिलीतलं एक कार्टं खुशीत म्हणालं, "पुन्हा करा ना मावशी!"

शिट्टीबाई दांडा धरून उभी. आमच्या बसची मदतनीस. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून सगळे तिला तेच म्हणतात. "काय झालं गं? मांजर आलं मध्ये?"

"हो," म्हटलं.

मांजर कसलं! तेवीस वर्षांपूर्वी गाडलेलं भूत उठून आलं.

आरशात बघितलं. मागे नववीची टोळी एका फोनवर वाकलेली. फोनकडे बघतात, मग माझ्याकडे, परत फोनकडे. माझे कान तापले. पुढचा सगळा रस्ता मी बस अशी चालवली, जणू आत काचेची भांडी भरलीत.

घरी काही बोलले नाही. भाजी करपली. पेंटर — म्हणजे आमचा नवरा, दुकानांच्या पाट्या रंगवतो — निमूट जेवला. लेक म्हणाली, "आज काहीतरी स्मोकी केलंयस का?"


१४ जानेवारी

सापडलं! डेपोत चहाच्या वेळी गुपचूप फोनवर शोधलं. तोच तुकडा. लाखो लोकांनी बघितलाय.

काय आहे त्यात? लॉन्ड्रीत बायकांची रांग एका लांब बाकावर बसलीय. मी येते — पंचविशीतली, गालांचे दोन पाव, अंगात पिवळा टी-शर्ट. बसते. बाक मोडतो. सगळ्या धबाधब खाली. मागे कोणीतरी म्हणतं, "क्रेन आली, क्रेन!" संपला तुकडा. मग परत पहिल्यापासून. परत मी येते, परत बाक मोडतो. थांबतच नाही मेलं!

इथे लिहूनच टाकते, म्हणजे छातीवरचं ओझं उतरेल. मी तेव्हा एका मोठ्या लॉन्ड्रीत कामाला होते. हॉटेलांच्या चादरी धुवायचो. तिथे शूटिंगवाले आले. सिनेमा असा, की लॉन्ड्रीतल्या बायका रस्सीखेच खेळतात, सगळीकडे हरतात, पोराटोरांकडूनही हरतात, आणि शेवटी मोठ्या संघाला हरवतात. हसवायचा सिनेमा. दिग्दर्शकाने मला ओल्या चादरींचं गाठोडं एकटीने उचलताना पाहिलं आणि म्हणाला, "ही मला दोरीच्या शेवटी पाहिजे." शेवटी सगळ्यांत भक्कम माणूस लागतो. दोरी अंगाभोवती घेऊन तो खांबासारखा उभा राहतो. तर मी खांब. नाव — क्रेन.

किती खूश होते मी तेव्हा!

मग सिनेमा लागला. आईला घेऊन पहिल्याच दिवशी गेले. बाक मोडला तसं अख्खं थिएटर हसलं. हसू द्या की, हसवायचाच सिनेमा होता. पण आमच्या मागचा एक जण जे बोलला ते आईने ऐकलं. मीही ऐकलं. आईने माझा हात धरला, "चल, ऊठ." मध्यंतराच्याही आधी आम्ही बाहेर. रिक्षात ती एकच वाक्य बोलली — "हे कुणाला सांगायचं नाही."

नाही सांगितलं. लग्नाच्या वेळी नाही, नंतरही नाही.


१६ जानेवारी

आज प्रत्येक थांब्यावर "गुड मॉर्निंग, क्रेन मावशी!" पालकांच्या समोर!


१७ जानेवारी

डेपोत गेले तर माझ्या नेहमीच्या बाकाखाली गाडीचा जॅक लावून ठेवलेला. आमचा मेकॅनिक — त्याला सगळे नटबोल्ट म्हणतात — हात पुसत उभा, चेहरा अगदी साधूचा. "ताई, बसा. आता भार पेलेल."

मी बसले नाही. उभ्यानेच चहा प्यायले.

मग तोच जवळ आला. "रागावलात? अहो, आम्ही चौघांनी काल बसून बघितला तो तुकडा. माझी बायको म्हणाली, ह्या बाईंची सही आण. आपल्या डेपोत नटी आहे आणि आम्हाला पत्ता नाही!"

"नटी म्हणे! बाक मोडणारी नटी."

"मोडला तर मोडला. पण मोडल्यावर तुम्ही जे बघता ना त्या बाकाकडे — असं, जणू त्यानेच काहीतरी चूक केलीय — तिथे आम्ही लोळलो."

घरी येऊन परत बघितलं. खरंच की! मी बाकाकडे अशी बघते! ते मला कोणी शिकवलं नव्हतं. माझंच होतं ते.

पण लेकीने बघू नये. देवा, तिच्यापर्यंत पोचू नये. माझ्यावरच गेलीय ती. खांदे, दंड, सगळं. सोळा वर्षांची आहे आणि माझ्या शर्टात मावत नाही. आमच्याच शाळेत आहे, गोळाफेकीत पहिली यायची. दिवाणखान्यातली फुलदाणीही तिने सरावातच फोडली. दोन महिन्यांपूर्वी सगळं सोडून दिलं. म्हणे खांदा दुखतो. खांदा दुखणारी पोरगी गॅसचा सिलिंडर एका हाताने सरकवते?


१९ जानेवारी

पोचलं.

मी भांडी घासत होते. ती मागे येऊन उभी राहिली. फोन माझ्या नाकासमोर धरला.

"ही तू आहेस?"

साबण डोळ्यात गेला म्हटलं. खोटं.

"आई, ही तू आहेस का नाही?"

"आहे."

"आणि मला कधी सांगितलं नाहीस?"

"काय सांगायचं? की तुझ्या आईवर लोक हसले? बाक मोडला म्हणून?"

नळ चालू. मग एकदम म्हणाली, "माझापण आहे व्हिडिओ."

"कसला?"

"गोळा फेकतानाचा. कोणीतरी त्याला जेसीबीचा आवाज लावला. वर्गाच्या ग्रुपवर टाकला. सगळे हसले. मी पण हसले त्यांच्यासमोर." नाक ओढलं. "खांदा-बिंदा काही दुखत नाही माझा."

ओल्या हातांनीच तिला जवळ घेतलं. दोघी मिळून एवढ्या मोठ्या, की स्वयंपाकघराचं दार अडलं. पेंटर पाणी प्यायला आला तो बाहेरच उभा. "मला कळू द्या तरी, रडायचंय की हसायचंय. त्याप्रमाणे आत येतो," म्हणाला.

आम्ही दोघी हसायलाच लागलो. काय माणूस आहे!


२० जानेवारी

लेक म्हणते, अख्खा सिनेमा बघायचा. मी म्हटलं, नाही. ती म्हणते, बघायचा. मी म्हटलं, नाही म्हणजे नाही. मग पेंटर वर्तमानपत्राच्या आडून बोलला — "शेवट तरी बघ. तू बघितलेला नाहीस."

मी वळले. "तुम्हाला काय माहीत, मी काय बघितलं नि काय नाही?"

वर्तमानपत्र हळूच खाली आलं. चेहरा असा, जणू दुसऱ्याच्या भिंतीवर रंगाचा डबा सांडला.

आता सगळं लिहिते, नाहीतर मलाच उद्या खरं वाटणार नाही.

लग्नाआधी हा थिएटरचे मोठे बोर्ड रंगवायचा, हे मला माहीत होतं. कोणत्या सिनेमांचे, ते मी कधी विचारलं नाही. भीतीच वाटायची. तर — त्या सिनेमाचा बोर्ड ह्यानेच रंगवला! हिरो-हिरॉइन त्याच्या उस्तादाने केले, आणि मागची बायकांची रांग ह्याच्या वाट्याला आली. त्या रांगेत शेवटी मी. फोटो होता एवढासा, आणि बोर्डावर मी दोन मजली उंच!

"तुझ्या हनुवटीने माझा जीव खाल्ला," म्हणाला. "पुसायचो, परत करायचो. उस्ताद ओरडायचा — अरे, ती हिरॉइन नाही! पुढे चल!"

मग सिनेमा लागला त्या दिवशी कोपऱ्यातला रंग सुकला नव्हता, म्हणून हा शिडीवर. आणि खाली दारातून मी बाहेर पडले. आईने हात धरलेला, मी मान खाली घालून. वर बोर्डावर मी हसतेय, खाली रस्त्यावर मी रडतेय, आणि मध्ये शिडीवर हा.

"ब्रश हातातून पडला माझ्या. तुझ्या आईच्या छत्रीवर पिवळा ठिपका पडला. त्यांना कळलं नाही."

"आणि मग?"

"मग काय. मावशी तुमच्याच लॉन्ड्रीत होती माझी. तिच्या मागे लागलो, की ती शेवटची मुलगी कोण, चौकशी कर. मावशी म्हणाली, कोण शेवटची? म्हटलं, दोरीच्या शेवटची."

लेकीचा आ वासलेला. "बाबा! म्हणजे तुम्ही आईला आधी रंगवलं आणि मग भेटलात?"

"हो. म्हणून तर ओळखायला सोपं गेलं."

"आणि इतकी वर्षं बोलला नाहीत?" — हे मी. ओरडलेच जवळजवळ.

"तुझ्या आईने अट घातली होती. बोलणी झाली तेव्हा मावशीने त्यांना बोर्डाचं सांगितलं, तशा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, त्या सिनेमाचं नाव आमच्या घरात काढायचं नाही. म्हटलं, नाही काढणार. मग तू काढशील म्हणून वाट बघत बसलो."

मी लपवत होते, आणि हा माझं लपवणं सांभाळत बसला होता! आधी राग आला. मग हसू आलं. मग हनुवटीला हात लावून आरशात बघून आले. काय आहे एवढं हिच्यात?


२२ जानेवारी, रविवार

बघितला!

दुपारी, पडदे ओढून. लेकीने कुठूनतरी मिळवला. बाक मोडायच्या आधी मी उशी तोंडावर घेतली. लेकीने ओढून काढली. बाक मोडला. ती खदखदून हसली — आणि मीही. मागचा तो माणूस नव्हता ना आज! एवढाच फरक. इतकी वर्षं मला वाटायचं, सिनेमाच वाईट होता.

तसा बरा आहे. काही ठिकाणी अगदीच वेडपट. प्रशिक्षक म्हणून नाचाचा मास्तर आणलाय, तो रस्सीखेच मोजून शिकवतो, एक-दोन-तीन-गिरकी! गाण्यात आम्ही चादरी का उडवतो ते मला तेव्हाही कळलं नाही, आताही नाही. क्रेनवरचे दोन विनोद मात्र घाणेरडे आहेत. लेक म्हणाली, "हे आता कोणी चालू दिलं नसतं." तेव्हाही नको होते चालायला.

आणि मग शेवटचा सामना.

लेकीला सांगितलं, बघ आता. समोरचा संघ नट्यांचा नव्हता. सिमेंटच्या कारखान्यातल्या बायकांचा खराखुरा संघ होता, कुठेकुठे जिंकून आलेला. त्यांना सांगितलेलं — इशारा झाला की हरायचं. पण त्यांची कप्तीण, डोक्याला लाल रुमाल, हरेचना! इशारा झाला की आम्हीच फरफटत पुढे. दिग्दर्शक कर्णा घेऊन ओरडतोय, "अहो हरा! कथेत तसं लिहिलंय!" आणि लाल रुमाल शांतपणे म्हणते, "लिहिलं असेल. पण दोरीला कुठे वाचता येतं, साहेब?"

अशी ऊन उतरेपर्यंत ओढाताण. आमचे हात सोललेले. शेवटी मला असा राग आला, की मी चपला काढून फेकल्या, टाचा मातीत रोवल्या आणि मनात म्हटलं, आता मेले तरी हलत नाही.

ते आहे सिनेमात! तेच ठेवलंय! कॅमेरा माझ्यावर. चेहरा लालभडक, केस तोंडात, सुंदर-बिंदर काही नाही. दोरी थांबते. मग बोटभर मागे येते. मग वीतभर. आणि मग लाल रुमालाचा चेहरा दिसतो. तिचे डोळे! ती काही अभिनय करत नव्हती. तिलाच पटत नव्हतं, की आपण ओढले जातोय!

"आई, हे खरंखुरं आहे?"

"खरं."

"तू ओढलंस त्यांना?"

"आम्ही सगळ्यांनी. मी फक्त हलले नाही."

लेकीने तेवढाच भाग परत लावला. मग परत. पेंटर आत चहा करायला गेला तो बराच वेळ आलाच नाही. आला तेव्हा डोळे पुसत म्हणाला, वाफ लागली.

हा शेवट न बघता मी इतकी वर्षं काढली. आई, तू शेवटपर्यंत बसली असतीस तर... जाऊ दे. उन्हात धरतात तशी तिने माझ्यावर छत्री धरली. तिच्याकडे तेवढीच होती.


२४ जानेवारी

मागच्या टोळीला आज खाली उतरताना थांबवलं. घाबरली पोरं. म्हटलं, "तुकडे काय बघता? अख्खा बघा. शेवट बघा. मग बोला."


२७ जानेवारी

बघितलाय! आज बसमध्ये चढताना एकेकाने सलाम ठोकला. ओरडणं तेच — "क्रेन मावशी!" — पण सूर वेगळा. कानाला कळतो तो फरक.

आणि दुसरी भानगड. खेळाच्या बाई डेपोत आल्या. शाळेचं क्रीडासंमेलन पुढच्या महिन्यात. म्हणाल्या, "सगळी शाळा मागे लागलीय. रस्सीखेच ठेवू या. शिक्षक विरुद्ध बसवाले. तुम्ही शेवटी."

"मी अठ्ठेचाळीसची आहे हो! गुडघे कुरकुरतात."

नटबोल्ट मागून म्हणाला, "वंगण घालू."

हो म्हणून बसले.

जाताजाता बाईंनी हळूच विचारलं, "लेकीचा खांदा कसा आहे?"

"तिला विचारा," म्हटलं. "उत्तर बदललंय बहुतेक."


२ फेब्रुवारी

सराव. आमचा संघ असा — मी, शिट्टीबाई, नटबोल्ट, तिघे ड्रायव्हर, डिझेल भरणारा दादा आणि शाळेचा पहारेकरी. समोर कोण, तर नववीची ती टोळी.

हरलो! असे हरलो, की डिझेलवाला दादा पोटावर घसरत रेषेपलीकडे गेला आणि तिथेच पडून आभाळ बघत बसला. शिट्टीबाईने चुकीच्या वेळी शिट्टी फुंकली, आमच्यातल्या दोघांना वाटलं सुटी झाली.

हुबेहूब सिनेमा. फक्त गाणं नव्हतं.


६ फेब्रुवारी

पेंटरने आमच्यासाठी फलक रंगवलाय. चादरीएवढा. वर लिहिलंय — बसवाले. खाली दोरी धरलेली रांग. बाकी सगळ्यांचे चेहरे आले तसे काढलेत. नटबोल्टचे कान बघून त्याची बायको भांडायला यायची बाकी आहे. पण शेवटच्या बाईची हनुवटी मात्र —!

"पुसली आणि परत केली का हो?"

"आता हात बसलाय," म्हणाला.


९ फेब्रुवारी

लेक शाळेतून उशिरा आली. हाताला चुना, बुटाला माती. काही विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. पोळ्या मात्र मोजायचं सोडून दिलं मी.

जेवताना म्हणाली, "ग्रुपवर मी स्वतःच टाकला आज. नवा व्हिडिओ. जेसीबीचा आवाज मीच लावला. खाली लिहिलं — भाड्याने मिळेल."

पेंटरला ठसका लागला. मी पाठ थोपटत होते आणि मनात म्हणत होते — मी पंचवीस वर्षांची असताना ही मला का नाही भेटली!


१४ फेब्रुवारी

अपशकुन! उद्या सामना, आणि पहारेकऱ्याची पाठ धरली. दोरी ओढताना नाही — मोजे घालताना! शिक्षकांचा संघ बलदंड. गणिताचे सर रोज पोहतात म्हणे. आमच्याकडे सातच जण. खेळाच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "बसवाल्यांच्या घरचं कोणीही चालेल."

पेंटरकडे बघितलं. तो स्वतःच्या दंडाकडे बघत म्हणाला, "ब्रशपेक्षा जड काही उचललं नाही गं मी."

लेक अभ्यास करत होती. मान वर केली नाही.


१५ फेब्रुवारी

हरलो! पण सरळ नाही हरलो. तीनपैकी एक डाव आमचा. गणिताचे सर अजून मातीत बसलेत म्हणे.

तो एक डाव कसा आला ते लिहायचंय. पहिला डाव सातांनीच खेळलो आणि गेला. मी दोरी अंगाभोवती घेऊन परत शेवटी उभी राहत होते. गर्दीतून लेक आली. बूट काढले. दोरीचं टोक माझ्या हातातून घेतलं, आणि सगळ्या शाळेसमोर स्वतःच्या खांद्यावरून, पाठीवरून घेऊ लागली.

"आई, पुढे सरक. इथे मी उभी राहते."

सरकले. जन्मात पहिल्यांदा दोरी ओढताना माझ्या मागे कोणीतरी होतं.